कतरीबायचा दोर

सांगा बरं, तुम्हाला दोर घ्यायचाय. चांगला जाड, होडीच्या नांगराला बांधायचा. बाजारात दोन दुकानं आहेत. एकात गोड माणूस बसलाय. तुम्हाला पाहून उठतो, बसायला पाट सरकवतो, छातीवर क्रूसाची खूण करतो आणि म्हणतो, देवाशपथ सांगतो, असा माल अख्ख्या बंदरावर मिळायचा नाही. दुसऱ्या दुकानात एक बाई बसलीय. ती मान वर करत नाही. भाव विचारलात तर सांगते. कमी करा म्हणालात तर म्हणते, पुढं जा. आता विश्वास कुणावर ठेवाल?

घाई नको. गिऱ्हाईक घाई करतं तिथंच फसतं. आधी खारभाटची गोष्ट ऐका, मग उत्तर द्या.

खाडीवर पूल नव्हता आणि बंदरात फक्त शिडाच्या होड्या लागायच्या, तेव्हाची ही गोष्ट. वसईच्या किनाऱ्याला खारभाट नावाचं ख्रिस्ती लोकांचं गाव होतं. अर्धी घरं वाडीत नारळ लावायची, अर्धी समुद्रावर जायची. मध्ये चुन्यानं रंगवलेलं देऊळ, चर्चला तिथं देऊळच म्हणतात, आणि देवळाच्या अंगणात खोल विहीर. त्या गावात कतरीबाय राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा, जुझे. आणि बाई दोर वळायची.

दोर वळणं म्हणजे काय? नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची. ती महिनोन् महिने कुजली की काढायची, मोगरीनं बडवायची, काथ्या सुटा करून उन्हात वाळवायचा. मग त्याचे पेड वळायचे आणि पेडाला पेड घालून दोर करायचा. हे सगळेच करायचे. पण कतरीबाय त्यापुढं एक गोष्ट करायची, जी कुणीच करत नसे. दोर तयार झाला की ती तो देवळाच्या विहिरीवर न्यायची, तुळईला बांधायची, पदर खोचायची आणि त्या दोरावरून स्वतः विहिरीत उतरायची. मध्यावर पोचली की भिंतीवरचे पाय काढून घ्यायची आणि तशीच अधांतरी लोंबकळायची. मग वर यायची, दोर सोडायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

लोक चेष्टा करायचे. "कतरीबाय, फणसाएवढी झालीस, आता तुझ्या वजनानंच तुटायचा."

"तुटला तर मी मरेन," ती म्हणायची. "तू नाही. म्हणून तर पैसे मोजतोयस."

कुणी खोदून विचारलं, बाय, हे कशाला, तर सांगायची, "वर गेल्यावर मला विचारणार आहेत. काय विचारणार तेही मला ठाऊक आहे. किती माळा जपल्यास, किती उपास केलेस, ते नंतर. आधी विचारतील, कतरी, लोकांना दिलास त्या दोराला तू स्वतः लोंबकळली होतीस का?"

रागीट तर अशी, की तिच्या दारावरून जाताना कोंबड्या गप्प व्हायच्या, असं म्हणतात. एकदा बंदरावरचा एक व्यापारी तिच्याकडं आला आणि हळूच म्हणाला, बाय, आत जुने तुकडे भर, वरून नवा काथ्या गुंडाळ, कोण उलगडून बघतंय? कतरीबाय मोगरी घेऊन उठली. तो माणूस खाडी पोहून पळाला, असं म्हणतात. त्याला पोहता येत नव्हतं, असंही म्हणतात.

त्याच गावात बस्त्याव नावाचा माणूस देवळाचा कारभारी होता. वाईट नव्हता बिचारा. देवळाच्या पैशातली एक कवडी त्यानं कधी घरी नेली नाही. उलट काटकसर कशी करावी ते त्याच्याकडून शिकावं. प्रत्येक खरेदीत चार पैसे वाचवायचा आणि ते देवळाला लावायचा. त्याचा त्याला अभिमान होता. गावाच्या मालकीची एक मोठी होडी होती, तिच्या मासळीतला वाटा देवळाला जायचा. त्या होडीची सामानखरेदीही बस्त्यावकडंच होती.

एका वर्षी होडीच्या नांगराचा दोर झिजला. बस्त्याव कतरीबायकडं आला. ती म्हणाली, "सोडणं अजून कुजली नाहीत. सणापर्यंत थांबा." बस्त्याव थांबला नाही. बंदरावर गेला आणि दोर घेऊन आला. दोर कसला, नवरदेवच. तेल लावलेला, चकचकीत. किमतीतही एवढा फरक पडला, की उरलेल्या पैशात त्यानं सणासाठी हातभर उंचीच्या मेणबत्त्या आणल्या. होडी निघायच्या दिवशी फादरांनी होडीवर, जाळ्यावर आणि दोरावर पवित्र पाणी शिंपडलं. सगळं गाव किनाऱ्यावर होतं.

कतरीबाय गर्दीतून पुढं आली. तिनं दोर उचलला आणि नाकाशी नेला. वरून माशाच्या तेलाचा वास. तेलाखाली बुरशीचा.

"कारभारी, विहिरीवर चला. मी लोंबकळून बघते."

"ओहोटी लागलीय, बाय. आता कुठं विहिरीवर? आणि फादरांनी पाणी शिंपडलंय."

"पाण्यानं दोर भिजतो. मजबूत होत नाही."

लोक हसले. बस्त्यावचा चेहरा उतरला. "जपून बोल. देवाचं काम आहे. देव दयाळू आहे."

"दयाळू आहे. आंधळा आहे असं तुला कुणी सांगितलं?"

आता लोक आणखी हसले, आणि ते हसणं ऐकत तिचा जुझे होता होडीवर उभा. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा नांगराचं काम मिळालं होतं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तो खाली वाकून म्हणाला, "आये, पुरे आता. घरी जा ना. सगळे माझ्याकडं बघतायत."

आणि कतरीबाय घरी गेली.

हे विसरू नका. गावातली सगळ्यात तापट बाई, जिनं कुणाची भीड म्हणून ठेवली नाही, ती त्या दिवशी पोराच्या लाजेखातर गप्प बसली आणि घरी गेली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. होडी परतीच्या वाटेवर असताना भर दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला. होडी खडकाकडं ओढली जाऊ लागली तशी होडी हाकणाऱ्या तांडेलानं ओरडून नांगर टाकायला सांगितला. जुझेनं टाकला. दोर ताणला गेला आणि तुटला. त्याच्या फटक्यासरशी जुझे पाण्यात गेला. होडी खडकावर फुटली. बाकीचे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले. तांडेल वाळूवर आला तेव्हा त्याच्या मुठीत दोराचा तुकडा होता. तुटलेल्या टोकातून आतला माल बाहेर आला होता. काळे, कुजके, वीतवीतभर तुकडे. जुझे दुसऱ्या दिवशी लाटांबरोबर आला.

मातीच्या दिवशी देऊळ भरलं होतं. शवपेटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या मेणबत्त्या लावल्या होत्या, सणासाठी आणलेल्या. प्रार्थना झाली. मग गावाच्या वतीनं दोन शब्द बोलायला कारभारी उभा राहिला. डोळे पुसले त्यानं, खरंच पुसले. म्हणाला, "देवाची इच्छा. आपण माणसं काय करणार?"

कतरीबाय उठली.

"दोर कुणी आणला?"

फादर हलकेच म्हणाले, "बाई, शांत हो. देवळात राग नको."

"मग कुठं करू, फादर? बाजारात? पाणी तुम्ही शिंपडलंत. शिंपडण्याआधी एक पेड उलगडून बघितलात?" फादरांनी मान खाली घातली. ती बस्त्यावकडं वळली. "दोर तू आणलास. त्यात वाचवलेल्या पैशाच्या ह्या मेणबत्त्या तू आणल्यास, आणि माझ्याच पोराच्या उशाशी लावल्यास. आणि इच्छा देवाची? तुझं ओझं तू त्याच्या डोक्यावर देतोस, आणि तेही त्याच्याच घरात उभं राहून?"

तिनं त्या मेणबत्त्यांकडं पाहिलं. फुंकर मारली नाही, नुसतं पाहिलं, आणि मेणबत्त्या विझल्या, असं म्हणतात.

मग तिनं तांडेलानं जपून ठेवलेला दोराचा तुकडा घेतला, फुटक्या होडीवरून उरलेला दोर आणवला आणि विहिरीवर गेली. सगळं गाव मागोमाग. पेटी तशीच देवळात. तिनं दोर तुळईला बांधला.

"उतर, कारभारी. देवाची इच्छा असेल तर तरशील."

बस्त्यावनं विहिरीत पाहिलं. दोराकडं पाहिलं. पुटपुटला, "तुटेल."

"मोठ्यानं बोल. लोकांना ऐकू दे."

"तुटेल हा दोर." तो लोकांकडं वळला. "दुकानदारानं विचारलं होतं, होडीला हवाय की गुरं बांधायला? मी म्हणालो, गुरांचा स्वस्त असेल तर तोच दे. वाटलं, एक हंगाम निघून जाईल. स्वतःसाठी नाही गं घेतला. देवळासाठी पैसे वाचवले."

"देवानं मागितले होते?"

कतरीबाय एक पाऊल पुढं आली. लोकांना वाटलं, आता ही त्याला विहिरीत ढकलते. पण ती म्हणाली, "मलाही ठाऊक होतं. वासावरनं कळलं होतं. पोरगा लाजला म्हणून मी घरी गेले. तू उतरणार नसलास तर सरक बाजूला. उत्तर मलाही द्यायचंय."

आणि कुणी हात धरायच्या आत तिनं पदर खोचला आणि त्या कुजक्या दोरावरून विहिरीत उतरली.

बायका ओरडल्या. दोर करकरला. एक पेड सुटला, दुसरा सुटला. मध्यावर पोचल्यावर तिनं नेहमीसारखे भिंतीवरचे पाय काढून घेतले. शेवटच्या पेडावर, कापसाच्या वातीएवढ्या पेडावर, फणसाएवढी बाई लोंबकळत राहिली, असं म्हणतात. खाली जाऊन तिनं पाण्याला हात लावला, आणि त्याच दोरावरून वर आली.

लोक गुडघ्यांवर बसले. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी रडायला लागलं. फादरांनी हात जोडले. सगळ्यांना वाटलं, आता तिचा राग निवला असेल. देवानं तिला निर्दोष ठरवलं, आणखी काय हवं?

कतरीबायनं वर आभाळाकडं पाहिलं. आधीपेक्षा दुप्पट संतापली होती.

"आज धरलास?" ती म्हणाली. "आज धरून काय उपयोग? मला तुझा चमत्कार नको होता. मला धड दोर हवा होता."

वरून उत्तर आलं नाही. पण देवळातली घंटा कुणी न ओढता एकदाच वाजली, असं म्हणतात. काही म्हणतात, वारा होता. पण खारभाटची म्हातारी माणसं सांगतात, की देवही त्या दिवशी रागावला होता, आणि तो राग कतरीबायवर नव्हता.

बस्त्यावनं दोर सोडायला हात लावला तर त्याचा भुगा झाला. त्यानं देवळाच्या किल्ल्या फादरांपुढं ठेवल्या. त्यानंतर तो दर वर्षी तिच्यासाठी सोडणं चिखलात पुरायचा आणि कुजली की काढून तिच्या दारात आणून टाकायचा. ती त्याच्याशी कधी बोलली नाही. सोडणं मात्र घ्यायची, एकेक तपासून.

पुष्कळ वर्षांनी कतरीबाय गेली. तिची पेटी खड्ड्यात सोडायला दोर लागले, ते तिनंच वळून, लोंबकळून, घडी घालून ठेवलेले होते. त्यातलं एक टोक बस्त्यावनं मागितलं. दिलं असं काही म्हणतात, नाही दिलं असं काही म्हणतात. पेटी जराही हिसका न बसता खाली टेकली. मग दोर वर आले. ह्या वेळी ती वर आली नाही. ती सांगायची तो दोराचा प्रश्न तिला विचारायला वर आभाळात कुणीतरी वाट बघत होतं.

आजही खारभाटात नवा कारभारी नेमला की त्याला आधी देवळाच्या घंटेचा दोर स्वतः आणावा लागतो. तो विहिरीच्या तुळईला बांधायचा आणि सगळ्या गावादेखत त्याला लोंबकळायचं, भिंतीवरचे पाय काढून. मग किल्ल्या मिळतात. एक कारभारी चांगलाच वजनदार होता. त्यानं एका दोरासाठी सगळा किनारा पालथा घातला म्हणे, आणि महिनाभर भात सोडला.

आणि आणखी एक. त्या गावात कुणाचं छप्पर पडलं, कुणाचं मूल दगावलं, तर 'देवाची इच्छा' असं कुणी लगेच म्हणत नाही. आधी एक जण उठून विचारतो, "दोर कुणी आणला?" त्याचं उत्तर मिळाल्यावर जे उरेल, तेवढंच देवाच्या नावावर टाकतात.

तर मंडळी, आता सांगा, दोर कुणाकडून घ्याल? तुमचं उत्तर तुमच्यापाशी. माझं एवढंच मागणं आहे. हिशेब खरा ठेवा. आणि वाचलेला पैसा जमेला लिहाल, तेव्हा तो कुणाच्या दोरातून वाचवला, तेही त्याच ओळीत लिहा.