रूथबाईंच्या टोपलीतले गाणे

हनोखबाबा बोरदऱ्याला आले ते एका रात्रीच्या मुक्कामासाठी. पण बाजरी निसवली, कणसे खुडून झाली, खळी झाली, तरी बाबा चर्चच्या ओसरीवरच होते. खांद्यावर घोंगडी, हातात खंजिरी आणि तोंडात प्रभूचे नाव. कुणी भाकरी आणून दिली की खात. कुणी नाहीच आणली तर कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहत आणि म्हणत, “आज तुमच्या घरी प्रभूला भूक लागली आहे.” अशा संताच्या पायांनी गाव पावन झाले होते, यात शंका नाही.

त्याच गावात जखऱ्या उजागरे नावाचा एक दोर वळणारा होता. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको रूथबाई देवाघरी गेली. रूथबाईंचा गळा गोड. जात्यावर दळताना त्यांनी स्वतः एक गाणे जुळवले होते, आणि दरवर्षी हंगामाच्या सणाला त्या आपली धान्याची टोपली वेदीपुढे धरून ते म्हणत:

रिती टोपली आणिली, देवा, तुझ्या दारी,
तूच भरशील म्हणुनी नाही लाजले मी तरी.

जखऱ्या शेजारी उभा राहून टोपलीचा दुसरा कान धरी. गाण्यात त्याचे काम तेवढेच.

जाताना रूथबाई म्हणाल्या, “सणाला माझं गाणं चुकवू नका. येईल तसं म्हणा, पण म्हणा.”

जखऱ्याने शब्द दिला. अडचण एकच होती. त्याचा गळा एका सुरावर बसला होता तो बसलाच. गाणे वर चढो की खाली उतरो, जखऱ्या आपला एका जागी, विहिरीच्या मोटेसारखा घुमत राही. दोर वळताना म्हणे, बैलामागे म्हणे, आणि सवय व्हावी म्हणून रविवारी चर्चमध्येही म्हणू लागला. पुढच्या बाकावरच्या बाया पदराआड हसत. तान्ही मुले दूध सोडून बघत.

शिनगारे मास्तरांना मात्र हसू येत नसे. मास्तर मिशनच्या शाळेचे, गायकमंडळाचे मुख्य. शहरात राहून चार आवाजांतले गायन शिकून आलेले. चर्चमध्ये एक मोठी पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायची. एरवी रविवारी साधी बाजाची पेटी चाले, पण पायपेटी फक्त मोठ्या सणांना उघडे, आणि तीही मास्तरांच्या हातून. तिची किल्ली त्यांच्या कमरेला असे. पुसायलासुद्धा कुणी हात लावायचा नाही.

“पवित्र शास्त्रातल्या जखऱ्याला देवाने मुके केले होते,” मास्तर उपासनेनंतर सगळ्यांदेखत म्हणाले. “आमच्या जखऱ्याची पाळी कधी यायची?”

लोक हसले. मग मास्तरांनी सांगून टाकले, “सणाला तू तोंड उघडायचे नाही. बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. गायकमंडळ चार आवाजांचे गीत म्हणणार आहे.”

जखऱ्या बाबांकडे गेला. ओसरीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ हातातला दोर उलगडत राहिला.

“बाबा, तिनं दुसरं काहीच मागितलं न्हाई,” तो म्हणाला. “लुगडं न्हाई, पाणी न्हाई. फक्त हे गाणं. आन् ह्या साली ते झालं न्हाई तर ती खरंच गेली असं व्हईल.”

बाबा म्हणाले, “म्हणून दाखव बघू.”

जखऱ्याने म्हटले. ओसरीवर झोपलेले कुत्रे उठून निघून गेले. बाबांनी मात्र डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकले.

“सूर एकच आहे,” ते म्हणाले.

“व्हय बाबा.”

“पण हलत नाही. असा न हलणारा सूर कुणाला तरी लागतो.”

“कुणाला, बाबा?”

“मला काय ठाऊक? मी वाजवतो खंजिरी. तू असं कर, रूथबाईंची टोपली घेऊन ये. रिकामी आण. गाणं तिच्यात घाल आणि हंगामाचं अर्पण म्हणून वेदीपुढे ठेव. अर्पणाला कोण नाही म्हणेल?”

आता बोरदऱ्याची रीत अशी. सणाच्या उपासनेला ज्याने त्याने आपल्या हंगामातले काहीतरी आणायचे. भोपळा, कोंबडी, वांगी, अंडी. उपासना संपली की चर्चपुढच्या मांडवात त्या सगळ्याचा लिलाव. गावात पैसा थोडा, म्हणून बोली धान्यात. जमलेले धान्य निराधारांच्या घरी जाई. आणि वेदीपुढे ठेवलेली वस्तू लिलावावाचून घरी न्यायची नाही, हा नियम वाडवडिलांपासूनचा.

सणाचा दिवस उजाडला. उपासना झाली. चर्चचे पाळकसाहेब मांडवात स्टुलावर उभे राहिले आणि लिलाव सुरू झाला. मार्थाकाकूंचा भोपळा गेला. एक कोंबडा बोली चालू असतानाच पळाला आणि त्याला विकत घेणाराच त्याच्यामागे धावला. असे करता करता पाळकसाहेबांच्या हातात एक रिकामी टोपली आली.

“हे काय? कुणाची?”

“माझी, साहेब,” जखऱ्या म्हणाला. “तिच्यात गाणं हाय.”

मांडवात हशा उसळला. एकाने टोपलीत वाकून पाहिले आणि म्हणाला, “दाणे बारीक दिसतात यंदा!”

पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिले. बाबा शांतपणे शेंगा सोलत होते. ते म्हणाले, “देवापुढे आलेली वस्तू आहे, साहेब. बोली लावा.”

“बरं तर. जखऱ्या उजागरेचं गाणं. कोण घेतं?”

कुणी बोलेना. मग मार्थाकाकूंनी काठी उचलली. “एक पायली बाजरी. रूथच्या नावानं. कानात बोळे घालून ऐकीन, पण ऐकीन.”

“दोन पायली!” मागून आवाज आला. लोकांनी वळून पाहिले. शिनगारे मास्तर!

काकू म्हणाल्या, “अडीच.”

मास्तर म्हणाले, “एक पोतं.”

काकूंनी काठी खाली ठेवली. पाळकसाहेबांनी तीनदा पुकारले आणि गाणे मास्तरांच्या नावावर झाले. जखऱ्याचे डोळे भरून आले. मास्तरांचे मन वळले, असे त्याला वाटले. तो पुढे आला, पाळकसाहेबांच्या हातून टोपली घेतली, घसा साफ केला आणि तोंड उघडले.

“थांब,” मास्तर म्हणाले. “ज्याने भोपळा घेतला, तो कापायचा की छपरावर ठेवायचा हे तोच ठरवतो ना? गाणं आता माझं आहे. ते मी ठेवणार. माझ्या परवानगीशिवाय ते कुणी म्हणायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही.”

पाहुणे हसले. गावकरीही हसले, पण त्यांचे हसू लवकर सरले. जखऱ्याने हातातली रिकामी टोपली पाहिली. आपल्याच हाताने आपण रूथबाईंचे गाणे विकून बसलो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने बाबांकडे पाहिले.

बाबा म्हणाले, “व्यवहार खरा आहे, मास्तर. गाणं तुमचं. जपून ठेवा हं, लागेल.”

“मला?” मास्तर हसले. “पायपेटी आणा रे!”

चौघे जण पायपेटी उचलून मांडवात आणू लागले. “मास्तर, औंदा लई जड झाली,” एक जण धापा टाकत म्हणाला.

“मोठ्या सुराला वजन असतंच.”

“आतून घुमल्यासारखं वाटतंय.”

“मी म्हणत नव्हतो? आमच्या पेटीचा सूर बंद असतानाही घुमतो.” हे मास्तर महिनाभर सगळ्यांना सांगत होते. कुलूपबंद पेटीजवळून जाताना त्यांनी स्वतः ती घुमघुम ऐकली होती आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

गायकमंडळ ओळीत उभे राहिले. मास्तरांनी फेटा सारखा केला, किल्लीने पेटी उघडली, बाकावर बसून दोन्ही पायांनी भाता दाबला आणि दोन्ही हात सुरांवर ठेवले.

पेटी कण्हली. बोटांना काहीतरी चिकट लागले. मास्तरांनी बोट नाकाशी नेले. तो मध होता!

पुनरुत्थानाच्या सणापासून, म्हणजे ईस्टरपासून, बंद असलेल्या त्या पेटीत, मागच्या फटीतून शिरून, सातेरी मधमाशांनी आपले घर केले होते. भात्याचा वारा लागताच सगळे मोहोळ बाहेर पडले. चार आवाजांचे गायकमंडळ एकाच आवाजात ओरडले आणि मांडवाबाहेर पळाले. पाहुणे भोपळ्यांवरून उड्या मारत गेले. माशा मात्र कुणाच्या मागे लागल्या नाहीत. त्यांनी हवेत एक फेरी मारली आणि सगळ्याच्या सगळ्या मास्तरांवर उतरल्या. फेट्यावर, हनुवटीवर, छातीवर. पाहता पाहता मास्तरांना कमरेपर्यंत लांब, काळी, हलणारी दाढी आली.

मास्तरांची मान जागच्या जागी थिजली. हललो तर संपलो, हे त्यांना कळत होते. मिटल्या ओठांतून बारीक आवाज आला, “बाबा... वाचवा...”

बाबा शेंगा बाजूला ठेवून उठले आणि चार हातांवर येऊन उभे राहिले. “माझ्याकडे काय आहे, मास्तर? उपाय ज्याच्या गळ्यात होता, त्याचा गळा तुम्ही पोतंभर बाजरीला विकत घेतलात.”

सगळ्यांचे डोळे जखऱ्याकडे गेले. बाबांखेरीज तो एकटाच पळाला नव्हता. पण तो तोंडही उघडेना.

“अरे म्हण की!” मांडवाबाहेरून मार्थाकाकू ओरडल्या.

जखऱ्या म्हणाला, “कसं म्हणू, काकू? मास्तरांची परवानगी पायजे. त्यांनी घेतलंय ते.”

मास्तरांच्या नाकपुडीपाशी एक माशी येऊन विचार करत बसली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. ओठ जेमतेम हलले.

“म्हण.”

“पुरं म्हणू, का एकच कडवं?”

“पुरं म्हण, माझ्या भावा!”

जखऱ्याने टोपली दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. तोच त्याचा एक सूर. वर नाही, खाली नाही. मोटेसारखा घुमणारा. बाबांनी हलकेच खंजिरी धरली आणि आकाशाकडे पाहून म्हटले, “प्रभो, तुझ्या लेकराचं अर्पण पोचू दे.”

आणि काय सांगावे! पहिल्या कडव्याला माशांची घुमघुम बदलली आणि जखऱ्याच्या सुराला येऊन मिळाली. दुसऱ्या कडव्याला मास्तरांची ती लांब दाढी सैल झाली, हवेत उठली, दोरासारखी वळत निघाली आणि रूथबाईंच्या टोपलीत उतरू लागली. एकाही माशीने कुणाला डंख केला नाही. शेवटची ओळ आली तेव्हा टोपली काठोकाठ भरली होती आणि तिच्यातून जखऱ्याचाच सूर येत होता.

जखऱ्याने डोळे उघडले. पहिल्यांदाच साऱ्या गावापुढे कुणी हसले नाही, अडवले नाही आणि गाणे पुरे झाले होते. टोपली जड लागत होती. तिचा दुसरा कान कुणीतरी धरला आहे, असे वाटण्याइतकी सवय त्याच्या हाताला अजून होती.

शिनगारे मास्तर बाकावरून उठले ते थेट बाबांच्या पायांवर पडले. बाबा म्हणाले, “मी काय केलं? मी भाकरीची वाट बघत बसलो होतो. चुकीचे पाय धरलेत, मास्तर.”

मास्तर वळले. कमरेची किल्ली काढून त्यांनी पेटीवर ठेवली. “जखऱ्याभाऊ, मी फार मोठं पाप केलं. तुझं गाणं तू परत घे.”

जखऱ्या म्हणाला, “देवापुढं विकलेलं परत घेत न्हाईत, मास्तर. राहू द्या तुमच्याकडंच. दर साली मला म्हणायला सांगत जा, म्हंजे झालं.”

“सांगेन,” मास्तर म्हणाले. “पुढच्या वर्षी टोपलीचा दुसरा कान मला धरू दे.”

मग साऱ्या गावादेखत, पळून गेलेले पाहुणे एकेक करून परत येत असताना, मास्तरांनी जखऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. ठेवताना मात्र ते फार हळू वाकले. फेट्यात एक माशी मागे राहिली होती, आणि ती अजूनही तोच सूर धरून होती.

ज्या प्रभूने रूथबाईंची रिती टोपली भरली, तो ऐकणाऱ्यांच्या घरचीही भरो. आमेन.