लाकडी खुंट्यांचे दार

पूर्वी वेणुमती नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व लोहाराच्या कुळात जन्मला होता. त्याच्या शेजारी सोमक सुतार राही.

राजाने नगराबाहेर मोठा तलाव बांधला. काम लवकर उरकावे म्हणून राजाच्या मेहुण्याने तलावाचे पाणी अडवणारे दार लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांवरच बसवायला लावले. खुंट्या सोमकाने तासल्या. हे टिकायचे नाही, हे त्याला तासतानाच कळत होते. पण तो मनाशी म्हणे, ‘सांगितले तेवढे करावे.’

पहिल्याच पुरात दार निखळले. खालच्या वस्तीतली एकोणीस माणसे बुडून मेली. मेहुण्याने सारा दोष दारावरच्या म्हाताऱ्या राखणदारावर, भद्रकावर ढकलला. राजाने त्याला सुळाची शिक्षा दिली आणि लोखंडी सूळ घडवण्याची आज्ञा बोधिसत्त्वाला झाली.

बोधिसत्त्व भाता सोडून थेट राजसभेत गेला.

“महाराज, नगरात लोहार मी एकटाच. त्या दारासाठी माझ्याकडून एकही खिळा गेलेला नाही. भद्रक निर्दोष आहे.”

राजाने सोमकाला बोलावून विचारले, “दार कशावर बसवले होते?”

मेहुणा समोरच उभा होता. सोमक त्याच्याकडे पाहत म्हणाला,

“आठवत नाही, महाराज.”

खोटे बोलल्याचा ठपका ठेवून बोधिसत्त्वाचा उजवा हात तोडण्यात आला. भद्रकाला लाकडी सुळावर दिले. तो सूळ सोमकाने तासला.

चार दिवस सोमकाच्या गळ्याखाली घास उतरेना. पाचव्या दिवशी तो विझलेल्या भट्टीपाशी जाऊन उभा राहिला.

“दादा, मला शिव्या तरी दे.”

“त्याने भद्रक परत येईल का?” बोधिसत्त्व म्हणाला. “नवे दार कशावर बसवताहेत?”

“खुंट्यांवरच. मीच तासतोय.”

“खाली अजून दोन वस्त्या आहेत, सोमका. राजापुढे तोंड उघडत नसेल, तर निदान त्यांच्यापुढे उघड.”

सोमक घरोघर फिरला. “खुंट्या माझ्या. भद्रकाचा सूळही माझाच. इथे राहू नका,” असे तो प्रत्येक उंबऱ्याशी सांगे. लोकांनी त्याला दगड मारले. पण बोचकी बांधून ते टेकडीवर गेले. पंधरा दिवसांनी दार पुन्हा निखळले. पाणी रिकाम्या घरांतून वाहून गेले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, त्या जन्मीचा सोमक म्हणजे सभेत मागे मान खाली घालून बसलेला हा नवा भिक्षू. लोहार मीच होतो. माझ्या सत्याने भद्रक वाचला नाही, हे विसरू नका. तरीही सत्य सोडले नाही; हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”