महाराज उंबरठ्यावर अडकले

कडकपूरचे महाराज प्रतापरुद्र दरबाराच्या उंबरठ्यावर अडकून पडले! पाय धडधाकट, दार सताड उघडं. पण ललकारी झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही सात पिढ्यांची रीत. आणि ललकारी देणारं यंत्र आज सकाळपासून मुकं! महाराज उभे, म्हणून अख्खा दरबार उभा.

"बोलवा त्या म्हाळसाला!"

म्हाळसा म्हणजे म्हाताऱ्या भालदाराची मुलगी. बापाचा घसा कायमचा बसला, पण त्याचा आवाज या लिनक्सच्या यंत्रात भरून ठेवलेला होता आणि यंत्र तीच सांभाळायची. तिने पडद्यावर नजर टाकली मात्र, ती ओरडलीच.

"बत्तीस बिटच्या लायब्रऱ्या, प्रोग्राम ज्यांच्या आधाराने चालतात त्या, कुणी काढल्या?"

"मी!" प्रधान त्र्यंबकपंतांनी छाती फुगवली. "हुकूमच होता, यंत्र नवं करा, जुनं एकही ठेवू नका. आत बघतो तर सगळं दुबार! एक बत्तीसचं, एक चौसष्टचं. बत्तीस म्हणजे निम्मं. निम्मं म्हणजे जुनं. टाकलं उपटून!"

"अहो पंत, ललकारीचा प्रोग्राम बत्तीसवरच चालतो! तो करणारा कारागीर कधीच वारला. आता तो चौसष्टचा कोण करून देणार?"

"ऐकलंत महाराज? ही जुनं परत घालणार म्हणते!"

महाराज आधीच उभं राहून वैतागलेले. ते कडाडले, "मुळीच नाही! यंत्रात जुनं एकही दिसता कामा नये. आणि दुपारच्या तोफेआधी ललकारी झालीच पाहिजे! नाहीतर बापलेक राज्याबाहेर!"

म्हाळसाला रडूच येणार होतं. या वयात बापाला घेऊन जायचं कुठे? तिने घाईघाईने साठवणीतल्या जुन्या बत्तीस घालून पाहिल्या. यंत्राने साफ नकार दिला: बत्तीस आणि चौसष्ट, दोन्ही मापं एकाच आवृत्तीची हवीत! म्हाळसा चक्क हसली. तिने चौसष्टच्या नव्या आवृत्तीला जुळतील अशा नव्या बत्तीस उतरवून घेतल्या, बसवल्या आणि कळ दाबली.

"आस्ते कदम! महाराज येत आहेत!" बापाचा खणखणीत आवाज दरबारात घुमला. महाराजांनी पाऊल उचललं.

"थांबा!" पंत पडद्यावर बोट नाचवत ओरडले. "आत बत्तीस आहेत!"

महाराजांचं पाऊल हवेतच राहिलं. "पोरी, काय हे?"

"महाराज, परवा मोजड्यांचे दोन जोड शिवून आले. एक तुमचा, एक बाळराजांचा. त्यातला जुना कुठला?"

"वेडी का काय तू? दोन्ही नवेकोरे! बाळराजांचं पाऊलच केवढंसं!"

"पण पंतांच्या मते तो निम्मा, म्हणजे जुना. देऊ फेकून? बाळराजे घालतील तुमच्या मोजड्या! महाराज, या बत्तीस चौसष्टच्याच वयाच्या आहेत. माप तेवढं लहान."

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, आपल्या लटकत्या पायाकडे पाहिलं आणि असे खदाखदा हसले की तोल जाऊन पाऊल आपोआप आत पडलं!

"माग, काय हवं ते!"

"पुन्हा माझ्याशिवाय यंत्राला कुणी हात लावू नये."

"दिलं!" महाराजांनी गळ्यातला कंठा तिच्या ओंजळीत टाकला. "आणि पुढच्या अपग्रेडला यंत्र बंद असेल, तेव्हा ललकारी देतील त्र्यंबकपंत. भर दरबारात, स्वतःच्या घशाने!"

महाराज सिंहासनावर बसले, आणि उभ्याने अवघडलेला दरबार हुश्श करत खाली टेकला.