मालू गुरुजींचा भोपळा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि गावात अक्षर ओळखणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तरी गावात गुरुजी होते. मालू भोई त्यांचं नाव. त्यांना स्वतःला 'श्री'सुद्धा काढता येत नव्हता, पण पोहायला शिकवावं ते त्यांनीच. पोर कुणाचं, कुठल्या आळीचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. असे चाळीस भोपळे त्यांच्या खोपटात टांगलेले असत. पूर आला की तेच बांधून माणसं काठाला लागत.

त्यांच्या शिष्यांत एक होता हैबती. पाण्याला इतका भ्यायचा की गुडघाभर पाण्यातही डोळे गच्च मिटून घ्यायचा. बाकीची पोरं एका उन्हाळ्यात तरबेज होत, ह्याला चार उन्हाळे लागले. गुरुजी एकदाही वैतागले नाहीत. शेवटी हैबती पोहला, पण भोपळ्याशिवाय कधीच नाही. पुढे त्याचं गुऱ्हाळ झालं, घरात बरकत आली आणि नदीची वाट सुटली. गुरुजींचीही सुटली म्हणा.

एका श्रावणात सात दिवस झड लागली. खालच्या आळीत पाणी शिरलं आणि अकरा माणसं देवळाच्या माथ्यावर चढून बसली. हैबतीचा गूळ नदीकाठच्या कोठीत होता, भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला. तो धावत गुरुजींच्या खोपटाशी आला. गुरुजी पाणी बघायला गेले होते आणि दाराला कडी नव्हती. खालची आळी हैबतीच्या मनात आली नाही असं नाही. पण त्या लोकांना पोहता येतं, गुळाला कुठे येतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. माणूस एकदा स्वतःपुरतं बघू लागला की असली कारणं त्याला भराभर सुचतात. त्याने एकूण एक भोपळे उचलले, कोठीपाशी नेऊन काथ्याने त्यांची सांगड बांधली, वर दाराची फळी टाकली, फळीवर ढेपा रचल्या आणि स्वतः बसून पलीकडच्या उंचवट्याकडे निघाला.

गूळ तो गूळ. वरून पाऊस, खालून पूर. भर धारेत ढेपा पाझरू लागल्या, पाक गाठींत उतरला, आणि घाईत मारलेल्या गाठी एकेक करून सुटल्या. भोपळे निसटले. असं म्हणतात, ते धारेबरोबर खाली गेलेच नाहीत. भर पुरात उलटे वर चढले आणि देवळाला जाऊन टेकले. अकराही माणसांनी ते पाठीला बांधले आणि काठ गाठला.

हैबती मात्र पाण्यात पडला. "गुरुजी!" एवढंच ओरडला.

एक भोपळा तेवढा गावात उरला होता, पाणी बघायला जाताना गुरुजींनी पाठीला बांधलेला. ते देवळाकडेच पोहत निघाले होते. हाक ऐकून वळले, हैबतीपाशी आले आणि आपल्या पाठीची गाठ सोडू लागले.

"नगा गुरुजी," हैबती रडत म्हणाला. "भोपळं मीच चोरलं. समदं."

"ठावं हाय. हात वर कर, गाठ मारू दे."

"आन् तुमी?"

"मला येतंय की पवायला. तू पाय मार, लेकरा. डोळं उघडं ठेव."

हैबतीला पुराची भीती वाटेनाशी झाली. त्याला फक्त लाज वाटत होती. काठाला लागून त्याने मागे पाहिलं, तर नदीवर कुणीच नव्हतं. तो धाय मोकलून रडला.

तीन दिवस शोधूनही गुरुजी सापडले नाहीत. असं म्हणतात, ते बुडाले नाहीत. नदीनेच त्यांना ठेवून घेतलं, पोरांना खालून हात द्यायला. आमच्या नदीत त्यानंतर एकही पोर बुडालेलं नाही म्हणे.

आजही दर उन्हाळ्यात पोरांना पहिल्यांदा पाण्यात सोडतात, त्या दिवशी आमच्या गावात कुणी आपला भोपळा आपण बांधून घेत नाही. ऐंशीचा म्हातारा असला तरी हात वर करून उभा राहतो, आणि हैबतीच्या घरचं माणूस येऊन त्याची गाठ मारतं. सगळे पाण्यात उतरले की त्या घरातलं थोरलं माणूस एक भोपळा कुणालाही न बांधता अलगद नदीवर ठेवतं आणि म्हणतं, "गुरुजी, ह्यो तुमचा. आता तुमी बांधा."