तिवरबेटाची कळशीवाली बाय

धोंडाळे गावाच्या पश्चिमेला खाडी रुंद होते, तिथे तिवरांच्या झाडीत दडलेलं एक चिमुकलं बेट आहे. नावही तिवरबेटच. गावातून तिथवर मातीचा एक बांध जातो. ओहोटीला त्यावरून पोराबाळांसह चालत जाता येतं. उधाणाची भरती आली की बांध दिसेनासा होतो. बेटावर मरियामातेचं जुनं चॅपेल आहे, दोन चाफे आहेत आणि चहूकडून खारं पाणी. त्यापलीकडे काही नाही.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण होऊन गेला की वैशाखात एका रविवारी गावातली मुलं इथे पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात. पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या, आयांच्या केसांत अबोली. मिस्साला, चॅपेलमधल्या त्या उपासनेला, बाहेरगावचे पाहुणेही येतात आणि त्यांच्या नजरेला एक गोष्ट खटकतेच. मुलांना वर्षभर धर्मशिक्षण देऊन तयार करणारी बाई आत पहिल्या बाकावर बसत नाही. तांब्याची कळशी पायाशी ठेवून ती दारात उभी राहते. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या ओंजळीतून घोटभर पाणी पाजते. आणि ख्रिस्तप्रसादाची रांग लागते, तेव्हा सगळं चॅपेल उठतं, ती एकटी जागची हलत नाही.

पाहुण्यांपैकी कुणीतरी मग दबक्या आवाजात विचारतंच, "या बाईंचं काही चुकलंय का?"

कोंसूबाय हे ऐकून दरवर्षी हसतात. त्यांनी स्वतः कितीतरी वर्षं मुलांना तयार केलं, आता गुडघे धरलेत म्हणून चाफ्याखाली खुर्ची टाकून बसतात. "चुकलं नाही हो," त्या म्हणतात. "मान आहे तो. बसा इथे सावलीत. इजाबायची गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा."

फार जुनी गोष्ट आहे असे सांगतात. गावातलं मोठं देऊळ, म्हणजे चर्च, लढायांत पडलेलं, उरलं होतं ते हे बेटावरचं चॅपेल. पाद्रीही फार थोडे. एक म्हातारे गोवेकर पाद्री वर्षाकाठी एकदा मचव्यातून येत, पापनिवेदन ऐकत, मिस्सा करत, लहानांमोठ्यांना ख्रिस्तप्रसाद देत आणि पुढच्या गावी जात. ज्याचं त्या दिवशी चुकलं, त्याचं वर्ष गेलं.

इजाबेल नावाच्या बाईचं असंच चुकलं होतं. तिचं स्वतःचं नव्हे, तिच्या मुलाचं. आंद्रू त्याचं नाव. "आमच्या बापा", "नमो मरिया", दहा आज्ञा, सगळं त्याला तोंडपाठ. तिनेच शिकवलेलं. शिवलेला पांढरा सदरा खुंटीवर टांगलेला होता आणि पाद्री यायच्या आदल्या आठवड्यात पोर देवीच्या तापाने गेलं. तो सदरा त्याला घातला, पण ख्रिस्तप्रसादावाचूनच त्याला पुरलं.

इजाने मग मरियामातेला नवस बोलला. गावातलं एकही मूल मी असं राहू देणार नाही, सगळ्यांना तयार करून तुझ्या पायाशी आणीन. आणि माझ्या आंद्रूचं राहिलंय ते मी त्याच्या नावाने घेत जाईन, तो जितक्या वर्षांचा होऊन गेला तितकी वर्षं, एकही न चुकवता. तोवर पोर स्वर्गाच्या उंबऱ्यावर आपली वाट बघत बसलंय, असं तिने मनाशी धरलं होतं. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण आईच्या मनाला कोण समजावणार?

ती मुलांची इजाबाय झाली. जीव लावायची, पण शिस्तीची कडक. त्या काळी नियम असा, की ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. लहान मुलांना हे जमावं म्हणून इजाबायने एक युक्ती काढली होती. पास्काआधीच्या उपासकाळात दर शुक्रवारी ती मुलांसमोर गुळाचा खडा धरायची आणि लाडाने म्हणायची, "घे रे बाळा. आज चालतं. मी सांगते ना!" ज्याने हात पुढे केला त्याचा कान तिच्या हातात. "मी सांगितलं म्हणून काय झालं? उपास देवाचा की माझा?"

पास्कू नावाच्या एका खादाड पोराचा कान त्या उपासकाळात बरा म्हणून झाला नाही. लुसू मात्र कधी फसली नाही. काडीसारखी पोर, मिठागरावर राबणाऱ्या पेद्रूची लेक. गूळ पुढे आला की ती दोन्ही हात पाठीमागे बांधून आढ्याकडे बघत बसायची. इजाबायला तिचा कोण अभिमान!

ते वर्ष नवसाचं शेवटचं होतं, असे सांगतात.

त्या दिवशी पहाटेची ओहोटी साधून इजाबाय मुलांना घेऊन बांधावरून बेटावर आली. आया घरी तांदळाच्या पोळ्या करत होत्या, त्या मागून येणार होत्या. मिस्सा झाल्यावर मुलांना लागेल म्हणून इजाबायने पाण्याने भरलेली कळशी तेवढी बरोबर घेतली होती. गावच्या होड्या मासळीला समुद्रात गेलेल्या. एकच मचवा मागे राहिला होता, तो पाद्रीबाबांना आणायला गेला होता.

भरती आली ती वारा घेऊनच. लाटा बांधावर आपटू लागल्या आणि मधोमध बांध फुटला. भगदाडातून पाणी असं धावू लागलं, की गावाकडच्या लोकांना बघत उभं राहण्यापलीकडे काही सुचेना. ओहोटी लागली तेव्हा त्या जागी कमरेच्याही वर जाणारा चिखल उरला. पेद्रू त्यात उतरला, तर त्याला दोरीने ओढून काढावं लागलं. तो काठावरून ओरडत होता, पण वारा त्याचे शब्द उलटे त्याच्याकडेच नेत होता. आणि मचवा त्याच वाऱ्याने खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतला होता. हे बेटावर कुणाला ठाऊक असणार? इजाबाय आपली मचव्याच्या शिडासाठी तिवरांवरून खाडीकडे डोळे लावून बसलेली. शीड काही दिसेना.

वारा पडला आणि ऊन तापायला लागलं. चॅपेलच्या भिंती जाड, दार एकच, आत भट्टी पेटल्यासारखं झालं. बाहेर यावं तर चिखलाची वाफ. मुलं आधी गात होती, मग नुसती बसून राहिली, मग आडवी झाली. पांढरे कपडे घामाने अंगाला चिकटले. आणि आल्ताराच्या वेदीशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पाण्याने भरलेली कळशी.

इजाबायने बराच वेळ कळ काढली. पाद्रीबाबा आत्ता येतील, मग येतील. दुपार चढली तशी लुसू बडबडायला लागली. आई ओसरीवर बसली आहे म्हणाली. तिची आई तर तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. इजाबायने तिच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं, घामाचं नाव नाही. आंद्रूचं कपाळ असंच लागलं होतं हाताला.

तिने कळशी ओढली. "पोरांनो, उठा. पाणी प्या."

कुणी हललं नाही.

"अरे, प्या म्हणते ना! आज चालतं."

पास्कूने आपला कान हाताने झाकला. "नको बाय," तो कोरड्या घशाने म्हणाला. "उपासकाळात दर शुक्रवारी तुम्ही असंच म्हणायचात."

"ही परीक्षा नाही रे राजा."

"तेही म्हणाला होतात."

इजाबायला हसावं की रडावं कळेना. ओंजळ भरून ती लुसूजवळ गेली. पोरीने दात घट्ट आवळले आणि हात पाठीमागे नेले. पाणी हनुवटीवरून ओघळून झग्यात जिरलं. "उपास देवाचा," लुसू पुटपुटली. "तुमचा नाही."

आपणच शिकवलेले शब्द आपल्यावर असे उलटून यावेत! बाहेर खाडीने कोंडलं होतं, आत तिच्या स्वतःच्या शिकवणीने. खाडीला निदान भरती-ओहोटी होती. शिकवणीला ओहोटीच नव्हती. शपथ घातली, विनवलं, एकदा तर हात उगारला. मुलं रडली, पण कुणी तोंड उघडलं नाही. मुलं हट्टी नव्हती. इजाबायने सांगितलं होतं तसंच वागत होती.

एकच वाट उरली होती आणि ती तिला केव्हाची दिसत होती. म्हणूनच ती इतका वेळ दुसऱ्या वाटा धुंडाळत होती. ती स्वतः पाणी प्यायली, तर मुलांना खरं वाटेल. इजाबाय आपल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी उपास मोडणार नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण मग नवस मोडणार. शेवटच्या वर्षी, अगदी दाराशी येऊन. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, म्हणजे आंद्रूला आणखी तितकीच वर्षं उंबऱ्यावर बसवायचं.

म्हणे, ती मरियामातेच्या मूर्तीपुढे गेली, पण मागितलं काहीच नाही. एवढंच म्हणाली, "आंद्रू, जरा थांब हां बाळा. इथे एक पोर आहे." आणि वळून, सगळ्या मुलांना दिसेल अशी उभी राहून, कळशी तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायली.

मुलं बघत राहिली.

"बाय!" पास्कू ओरडला. "तुम्ही खरंच प्यायलात!"

"प्याले. मोडला माझा उपास. आता तरी पटलं?"

तिने लुसूचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीने तिच्या ओल्या ओठांकडे नीट पाहिलं, मग तोंड उघडलं. लुसूमागून सगळी प्यायली. पास्कू सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त.

ती कळशी त्या दिवशी रिकामीच झाली नाही, असं काही जण सांगतात. कोंसूबाय म्हणतात, "झाली असेल नाहीतर नसेल. पोरं वाचली, मला तेवढा चमत्कार पुरे."

उन्हं कलताना भरतीबरोबर मचवा सुटला आणि पाद्रीबाबा आले. इजाबाय पाण्यात उतरून त्यांना सामोरी गेली. "पाद्रीबाबा, पोरं पाणी प्यायली. माझ्या सांगण्यावरून. त्यांच्याकडे पाप नाही, जे काय आहे ते माझ्या माथी."

म्हाताऱ्याने आत जाऊन लुसूचे डोळे पाहिले, फुटलेले ओठ पाहिले. मग म्हणाला, "मरणाच्या दारी गेलेल्याला उपास लागत नाही, बाई. ही सूटही नियमातच आहे. मुलांना पापनिवेदनाला पाठव, मी मिस्सा करतो. आणि तूही ये. तूही इथेच होतीस ना दिवसभर?"

सुटकेचं दार असं अचानक उघडलं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पाद्रीबाबांनी पुढे विचारलंही नसतं.

इजाबायने आल्ताराकडे एकदा पाहिलं. "नाही, पाद्रीबाबा," ती अखेर म्हणाली. "मला तहान होती, पण मरणाची नव्हती. संध्याकाळपर्यंत मी काढलं असतं. मी पोरांना दाखवायला प्याले. खोटं बोलून घेतलं, तर ते माझ्या आंद्रूला कसं पोचेल?"

आणि इजाबाय कळशी उचलून दारात जाऊन उभी राहिली.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी लुसू भिंतीला धरत धरत तिच्याकडे आली. "बाय, आंद्रू कोण? तुम्ही त्याला थांब म्हणालात."

"माझा मुलगा गो. तुझ्याएवढाच होता. त्याचा ख्रिस्तप्रसाद राहून गेला."

लुसूने मान हलवली आणि आत गेली. रांगेत तिची पाळी आली, तेव्हा तोंड उघडण्याआधी तिने पाद्रीबाबांना विचारलं, "मी आंद्रूसाठी घेतला तर चालेल?"

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चालेल," तो म्हणाला.

मागे पास्कू उभा होता. त्यालाही आंद्रूसाठीच घ्यायचा होता. त्याच्या मागच्यालाही. चॅपेल लहान, मुलांचे आवाज खणखणीत. दारात उभ्या असलेल्या आईला आपल्या लेकाचं नाव एकामागून एक ऐकू येत राहिलं. एका वर्षाचं राहिलं होतं, रांगभर मिळालं. त्या संध्याकाळी इजाबाय घरी गेली ती रोजच्यासारखं सदऱ्याच्या रिकाम्या खुंटीकडे न बघता झोपली, आणि त्यानंतर आंद्रू उंबऱ्यावर बसलाय असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही, असे सांगतात.

आता नियम सैल झाले आहेत, पाण्याने उपास मोडत नाही. बांधही दगडी झाला. आजही मात्र त्या रविवारी मुलांना तयार करणारी बाय सकाळी ख्रिस्तप्रसाद घेत नाही. संध्याकाळी गावातल्या मिस्साला घेते. आजही ती दारात मुलांना पाणी पाजते आणि पाणी पिऊन झालं की प्रत्येक मूल मान वर करून तिला विचारतं, "बाय, तुमचं कोण राहिलंय?"

ती वाकून त्याच्या कानात एक नाव सांगते. आणि विसरू नये म्हणून ते नाव ओठांत घोळवत मूल आत जातं.