राजाचं बोट आणि घोरणारा भोपळा

एक होता राजा, आणि त्याला होतं एक बोट. बोटं तशी दहा होती, पण कामाचं एकच. त्या बोटानं तो दाखवायचा आणि म्हणायचा, "ते आणा." की ते यायचं. "ह्याला न्या." की त्याला न्यायचे. हत्ती, घोडे, आंब्याची फोड, सगळं त्या बोटावर चालायचं. राजाला वाटायचं, राज्य करणं काही अवघड नाही, संध्याकाळी हात तेवढा दुखतो.

राजाला एक मुलगी होती, अंबू. राजाचा तिच्यावर भारी जीव. एकदा काय झालं, दिवेलागण झाली, जेवणं झाली, तरी अंबू निजेना. गादीवर उड्या मारत राहिली. मग राजा आला. त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं आणि दरडावलं, "झोप. आत्ताच्या आत्ता."

लहान मुलांची झोप कोवळी असते, बरं का. ती बोटाला घाबरली, खिडकीतून निघाली आणि गेली ती गेलीच.

मग अंबूला झोप म्हणून येईना. आज नाही, उद्या नाही, परवा नाही. डोळे गुंजेसारखे लाल झाले. पोर वाळून इतकी हलकी झाली, की वारा सुटला की दाई तिची वेणी पलंगाला बांधून ठेवायची. मग वैद्य आले. एकानं काढा दिला. दुसऱ्यानं डोक्याला तेल चोळलं. तिसऱ्यानं निद्रेवर व्याख्यान दिलं, आणि स्वतःच झोपला.

शेवटी राजाची म्हातारी आत्या म्हणाली, "बापू, काढे पुरे कर. पळालेली झोप उन्हाळ्यात झाडावर बसते, पावसाळ्यात ढगात. आश्विन लागला की तिला उघड्यावर गार वाटतं. मग ती पिकल्या भोपळ्यात शिरते. आत मऊ रेशीम असतं ना, त्यात."

"कुठल्या भोपळ्यात, आत्या?"

"ते मला काय विचारतोस? ज्यानं घालवली त्यानं हुडकायची," आत्या म्हणाली आणि डाळ निवडायला लागली. "पण लवकर हो. दिवाळी आली की भोपळे चिरतील, आणि मग ती कायमची गेली म्हणून समज."

राजा तसाच उठला. प्रधानाला घेतलं, शिपाई घेतले आणि निघाला.

पहिला मळा लागला नदीकाठी, दौलत पाटलाचा. काय मळा होता म्हणून सांगू. पाऊस सरलेला, ऊन कोवळं, आणि मोठमोठ्या पानांआडून भोपळे असे डोकावत होते, जसे सूर्य उगवायचे राहून गेलेत. पाटील म्हणाला, "महाराज, देठ वाळलाय का बघा. नख रुततंय का बघा. घाई नको."

राजाला बघायची सवय नव्हती, दाखवायची होती. मळ्यातला सगळ्यांत मोठा भोपळा त्यानं हेरला आणि बोट दाखवलं. "तो."

फस्स झालं. भोपळा भिजल्या पागोट्यासारखा खाली बसला. गरम भातावरून निघते तशी एक पांढरी वाफ त्यातून निघाली आणि नदीपलीकडे पळाली.

आता गंमत अशी, की वेलावरच्या भोपळ्याला बोट दाखवू नये, तो नासतो, हे पाटलाला माहीत होतं. प्रधानाला माहीत होतं. प्रधानाच्या घरच्या तान्ह्या पोरालासुद्धा माहीत होतं. पण राजाच्या बोटाबद्दल राजाला सांगायचं, तर ते बोट सांगणाऱ्याकडे वळायचं. म्हणून सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे राहिले.

मग राजा नदीपलीकडे गेला. तिथं होत्या दोघी जावा. एकमेकींशी बोलत नसत. पण त्यांचा वेल शहाणा होता. तो हिच्या छपरावरून तिच्या छपरावर गेला होता, आणि दोन्ही छपरांवर भोपळे उन्हं खात बसले होते.

"तांबडा घ्या महाराज, गोड निघेल," थोरली म्हणाली.

"सांगा कुणीतरी तिला, हिरव्या पट्ट्यांचा जास्त टिकतो," धाकटी भिंतीला म्हणाली.

राजानं दोघींचं ऐकलं नाही. सगळ्यांत देखणा भोपळा बघितला आणि बोट दाखवलं. फस्स. वाफ निघाली आणि डोंगराकडे पळाली. जावांनी मात्र एकमेकींकडे बघितलं. पुष्कळ वर्षांनी त्यांचं एकमत झालं होतं.

मग लागला तिसरा मळा, डोंगराच्या कडेला, कोंडाबाईचा. त्यापुढे रान. वाफ रानात शिरली की संपलं.

कोंडाबाईचा मळा दगडाधोंड्यांचा, पण बघत राहावं असा. प्रत्येक भोपळ्याखाली तिनं वाळलं गवत घातलं होतं, लेकराखाली दुपटं घालावं तसं. ऊन लागेल त्याला पानाची सावली केली होती. एकेक भोपळा कसा गुटगुटीत.

राजानं हात वर केला. बोट आता निघणार, इतक्यात कोंडाबाईनं ते मातीनं माखलेल्या मुठीत गच्च धरलं. शिपायांनी तलवारी उपसल्या. प्रधानानं डोळे मिटले, कान तेवढे उघडे ठेवले.

"बोट मीट आधी," कोंडाबाई म्हणाली. "माझी लेकरं अजून वेलावर आहेत. बोट दाखवलं की नासतात."

राजाला पाटलाचा भोपळा आठवला. जावांचा आठवला. मग अंबू आठवली, आणि त्याचं बोट आपोआप मिटलं.

"मग दाखवायचं कसं?" त्यानं हळूच विचारलं.

"दाखवायचं कशाला? जवळ जा. वाक. आणि वाकड्या बोटानं वाजव, कुणाचं दार वाजवावं तसं."

राजा जन्मात पहिल्यांदा वाकला. पाठ कडकड वाजली. त्यानं एक भोपळा वाजवला. ठक्. कच्चा होता. दुसरा वाजवला. ढब्. पिकला होता, पण आत कुणी नव्हतं. असा तो गुडघ्यांवर रांगत पार कोपऱ्यात गेला. तिथं एक वाकडातिकडा भोपळा होता. देठ वाळून लाकूड झालेला, अंगावर राखेसारखी पांढरी पूड. राजानं नख लावलं, रुतलं नाही. मग वाकड्या बोटानं वाजवलं.

आतून आवाज आला, घुर्र.

झोप दमून झोपली होती, बरं का.

राजानं भोपळ्याला कान लावला. डोळ्यांत पाणी आलं. "घरी येतेस का ग?" तो पुटपुटला. "पुन्हा नाही दरडावणार."

आतून पुन्हा आवाज आला, घुर्र. कोंडाबाईनं देठ कापून दिला. राजानं भोपळा गाडीत नाही ठेवला, शिपायाकडे नाही दिला, मांडीवर घेऊन बसला. वाटेत घोड्यालासुद्धा हळू चालायला सांगितलं.

घरी आल्यावर आत्यानं विळी पुढं केली. अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घरातल्या पुरुषानं घालायचा असतो. राजानं लढाया मारल्या होत्या, भाजी कधी चिरली नव्हती. तरी त्यानं दोन हातांनी नेट लावला. भोपळा उकलला. पांढरी ऊबदार वाफ निघाली, खोलीभर फिरली आणि अंबूच्या पापण्यांवर बसली. अंबूनं मोठी जांभई दिली, बापाच्या मांडीवर डोकं टेकलं आणि भर दुपारी गाढ झोपली.

जांभई ती, एकीवर थांबते होय? प्रधान झोपला. शिपाई उभ्या उभ्या झोपले. कचेरीतले कारकूनही झोपले, पण तिथं कुणाला फरक कळला नाही.

उठल्यावर सगळ्यांनी त्या भोपळ्याचे घारगे खाल्ले. पहिलं ताट कोंडाबाईला गेलं. राजाचं बोट मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं. ते कुणाकडे वळलंय हे कुणाला समजेना. मग राजाला प्रत्येकाजवळ जाऊन बोलावं लागायचं, ऐकावं लागायचं. त्यात दिवस जायचा आणि शिक्षा करायच्या राहून जायच्या. राज्य चांगलं चाललं.

राजा सुखात राहिला, अंबू सुखात राहिली, कोंडाबाईचे भोपळे गवतावर सुखात लोळले. ती वाफ थोडी उरली होती, ती घरोघर फिरत असते. आता आपल्या खिडकीशी आली असेल. कुणी बोट दाखवू नका. हात पांघरुणात घ्या. मिटा डोळे.