बर्फाचा मेसेज

आमच्या बंदरावरच्या बर्फ कारखान्याचे मॅनेजर काळोखे साहेब. थोडक्यात बोललं की यांचा मान कमी होतो! मशीन बंद पडलं, तेव्हाही समुद्रातल्या होड्यांना यांनी मेसेज पाठवला तो हातभर लांब. आधी नमस्कार, मग चेअरमनसाहेबांच्या सत्काराची बातमी, मग संस्थेची उज्ज्वल परंपरा, आणि पार तळाशी: बर्फ मिळणार नाही, दुसऱ्या बंदरावर जा. होडीमालकीण जयवंताबाईंच्या तांडेलानं सुकाणू धरल्या धरल्या सत्कार बघितला आणि फोन खिशात टाकला. भरलेली होडी आमच्याच बंदराला लागली, आणि बर्फाविना सगळी सुरमई उन्हात नासली.

दुसऱ्या दिवशी भर लिलावात येऊन वर साहेबच जयवंताबाईंवर ओरडले, "मेसेज पाठवला होता! वाचायला नको तुम्हाला, आणि दोष कारखान्याला? माफी मागा, नाहीतर यापुढे तुमच्या होडीला बर्फ बंद."

जयवंताबाई संतापानं पुढे सरसावल्या. "मागते की. पण तोच मेसेज आत्ता मोठ्यानं वाचा. ही पापलेटची पाटी विकली जायच्या आत बर्फापर्यंत पोचलात, तर पाया पडून माफी मागते."

लिलाववाल्यानं बोली पुकारली. साहेब वाचू लागले, "सर्व सन्माननीय नौकामालक बंधू-भगिनींना सविनय सप्रेम नमस्कार..." ते सत्काराच्या शालीपर्यंत आले, तोवर पाटी विकली जाऊन टेम्पोत चढलीसुद्धा.

"अरे थांबा!" साहेब ओरडले. "मुद्दा पुढे आहे!"

"पुढेच राहिला, साहेब," जयवंताबाई कडाडल्या. "तिथवर पोचायच्या आतच माझी मासळी कुजली!"